सोळा मिनिटांचे झाड आणि बांधावरची चिंच

बिदर-भालकीकडच्या माणसाला गौलीगुडा कुठे आहे हे सांगावे लागत नाही. १९९४ साली इमलीबनचे मोठे बसस्थानक सुरू झाले. त्याआधी ज्यांनी ज्यांनी हैदराबादची वारी केली, ते बहुतेक सगळे गौलीगुड्याच्या त्या अर्धगोल पत्र्याच्या छपराखाली उतरलेले आहेत. निजामाच्या काळात उभा राहिलेला तो पोलादी सांगाडा ५ जुलै २०१८ रोजी पहाटे कोसळला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. छप्पर गेले, पण गल्ल्या तशाच आहेत. राममंदिर, गुरुद्वारा, कोटी आणि सुलतान बाजाराकडे जाणारी गर्दी, आणि पुढे जांबागेत आपल्या मराठी माणसांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभारलेली विवेकवर्धिनी.

गौलीगुडा या नावात गवळी आहेत, पण आता गोठा नाही. शेजारच्या इमलीबनाच्या नावात चिंचेचे बन आहे, पण तिथे आता बसगाड्या उभ्या असतात. घराला घर लागलेल्या या वस्तीत झाड लावायचे म्हटले तर गच्चीवरचा रंगाचा रिकामा डबा, एवढीच जागा. अशा ठिकाणी तिसऱ्या मजल्यावर राहणारा माझा आठवीतला भाचा दर आठवड्याला दीडदोनशे झाडे लावतो, वाढवतो, तोडतो आणि पुन्हा लावतो. अर्थात संगणकाच्या पडद्यावर.

या खेळाचे नाव माइनक्राफ्ट. घरात दहा ते सोळा वर्षांचे मूल असेल तर हे नाव तुमच्या कानावर नक्की आले असेल. बहुधा 'आता बंद कर ते' या वाक्याच्या जोडीनेच आले असेल. मी अर्थशास्त्र शिकवतो. खेळांशी माझा संबंध कॅरमपुरता. परंतु भाच्याची ही झाडांची शेती जवळ बसून पाहिली आणि लक्षात आले की आपण वर्गात 'नूतनीकरणक्षम साधनसंपत्ती' म्हणून जे फळ्यावर लिहितो, ते हा पोरगा रोज करतो आहे. म्हणून हा लेख आईवडिलांसाठी, आणि आजी-आजोबांसाठीही.

खेळ काय आहे?

स्वीडनमधील मार्कस पर्सन या तरुणाने हा खेळ २००९ साली लोकांपुढे आणला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या.

खेळातले सगळे जग ठोकळ्यांचे आहे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. माती ठोकळ्यांची, दगड ठोकळ्यांचा, झाडाचा बुंधासुद्धा एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांचा. खेळाडूला सुरुवातीला काहीच मिळत नाही. त्याने झाडावर हातानेच ठोसे मारायचे, ओंडका मिळवायचा, ओंडक्याच्या चार फळ्या करायच्या, फळ्यांच्या काठ्या करायच्या आणि मग कुऱ्हाड. लाकूड हवे म्हणून कुऱ्हाड आणि कुऱ्हाडीसाठी लाकूड. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही आपली म्हण या खेळात पहिल्या पाच मिनिटांतच सिद्ध होते.

घर, पेटी, शिडी, होडी, कुंपण, मशाल या सगळ्याला लाकूड लागते. भट्टीत ओंडका जाळला की लोणारी कोळसा मिळतो आणि एका कोळशावर आठ वस्तू भाजून निघतात. तेव्हा नवखा खेळाडू काय करतो? दिसेल ते झाड तोडत सुटतो. दोन दिवसांत घराभोवतीची टेकडी बोडकी होते आणि ओंडक्यासाठी लांब चालत जावे लागते. रात्र झाली की राक्षस मागे लागतात. सरपणासाठी रोज थोडे आणखी लांब जाणाऱ्या बायका आपण आपल्याच माळावर पाहिल्या आहेत. खेळातही तेच घडते, फक्त लवकर घडते.

इथेच शहाण्या मुलाच्या डोक्यात विचार येतो की, जंगल शोधत फिरण्यापेक्षा घराजवळच लावावे.

सोळा मिनिटांचे गणित

झाड लावायला रोप लागते आणि ते झाडाच्या पानांतून पडते. बुंधा तोडला की आधार गेलेली पाने हळूहळू गळतात आणि गळणाऱ्या पानाच्या प्रत्येक ठोकळ्यातून रोप मिळण्याची शक्यता विसात एक असते. जंगली प्रकारच्या झाडाला ती चाळिसात एक एवढीच. ओकच्या पानांतून क्वचित सफरचंदही पडते, दोनशेत एकदा. ओकला सफरचंद कसे लागते, असे आजींनी विचारले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, भाच्याकडेही नव्हते.

लावलेले रोप वाढायला उजेड लागतो. खेळात उजेडाचे पंधरा अंश मानले तर रोपाला किमान नऊ हवेत. मशाल चौदा देते. म्हणून रोपांच्या मधे मशाली लावल्या की रात्रीही वाढ थांबत नाही आणि राक्षसही येत नाहीत. डोक्यावर मोकळी जागा हवी. माती हवी. पाणी मात्र द्यावे लागत नाही. दुष्काळी भागातल्या माणसाला हा सगळ्यात मोठा चमत्कार वाटेल.

आता वाढीचा काळ. संगणकावरच्या जावा आवृत्तीत खेळ सेकंदाला वीस 'टिक' चालतो आणि प्रत्येक वेळी काही ठोकळे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडले जातात. एका रोपाची पाळी सरासरी ६८ सेकंदांनी येते. पाळी आली तरी सातात एकदाच ते पुढे सरकते. अशा दोन पायऱ्या चढल्या की झाड. ६८ गुणिले ७ गुणिले २ म्हणजे ९५२ सेकंद, जवळपास सोळा मिनिटे. हा हिशेब मी भाच्याला करायला लावला आणि शाळेत 'संभाव्यता' नावाचे जे प्रकरण त्याला कंटाळवाणे वाटत होते, ते त्याने न कुरकुरता सोडवले. काही रोपे तीन मिनिटांत उठतात, काही अर्धा तास बसून राहतात, सरासरी मात्र सोळा. 'सरासरी' म्हणजे प्रत्येकाला तेवढेच मिळते असे नव्हे, हे पदवीच्या मुलांनासुद्धा पटवताना घाम फुटतो.

भाच्याची बाग अशी. पाच ओळी, ओळीत पाच रोपे, दोन रोपांमध्ये दोन ठोकळे मोकळे. म्हणजे तेरा बाय तेरा मीटरची चौकोनी जागा. झाड निवडले बर्च. हे आपल्या भूर्जपत्राच्या भूर्जाचेच भाऊबंद, दोन्ही शब्दही एकाच जुन्या मुळातून आलेले. ओक का नाही? तर ओक दहात एकदा वेड्यावाकड्या फांद्यांचा मोठा होतो आणि तो तोडायला वेळ जातो. बर्च नेहमी सरळ आणि पाच ते सात ठोकळे उंच, जमिनीवर उभे राहून तोडता येईल एवढाच. सरासरी सहा धरले तर पंचवीस झाडांचे दीडशे ओंडके, म्हणजे सहाशे फळ्या. लोखंडी कुऱ्हाड अडीचशे घाव टिकते, तेव्हा एका कुऱ्हाडीत एक तोडणी आरामात निघते.

एका झाडाला पानांचे सुमारे पन्नास ठोकळे. विसात एक या हिशेबाने झाडामागे दोन-अडीच रोपे परत. पंचवीस लावली, साठेक मिळाली. त्यातली पंचवीस पुन्हा लावायची, थोडी पेटीत बियाणे म्हणून ठेवायची आणि उरलेली खताच्या डब्यात टाकायची. त्या डब्यातून हाडांच्या खताची पूड निघते आणि ती रोपावर टाकली तर रोप लगेच वाढू शकते. पी हळद आणि हो गोरी, असे हे खत.

एकच पथ्य पाळावे लागते. पाने पूर्ण गळेपर्यंत थांबायचे आणि रोपे वेचल्याशिवाय जागा सोडायची नाही. घाईघाईने ओंडके घेऊन पळाले की पुढच्या फेरीचे बियाणे गेले. 'तोडायच्या आधी नाही मामा, तोडल्यावर थांबायचं असतं,' असे तो मला सांगत होता.

मोठ्या मुलांचा पुढचा टप्पा म्हणजे स्प्रूस. हे सूचिपर्णी झाड. याची चार रोपे चौकोनात चिकटून लावली की चारांचे मिळून एक प्रचंड झाड होते, पन्नास ते शंभर ओंडक्यांचे. खालून जिन्यासारखे गोल गोल तोडत वर चढायचे आणि उरलेले तोडत खाली यायचे. बर्चच्या पंचवीस रोपांतून दीडशे ओंडके मिळतात. तेवढ्याच रोपांतून स्प्रूसचे सहा चौकोन लावले तर साडेचारशेच्या आसपास. त्याहून पुढे गेलेले खेळाडू तर यंत्रच बांधतात. खत आपोआप टाकले जाते, दट्ट्या बुंध्याला ढकलतो, लाकूड आपोआप पेटीत. माणसाने फक्त उभे राहायचे.

तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न

हे सगळे पोरखेळ म्हणून सोडून देण्यासारखे असते तर मी लिहिले नसते. भाच्याच्या पेटीतले बियाणे ही कल्पना माणसाला फार उशिरा सुचली. जर्मनीतील सॅक्सनीचे खाणअधिकारी हान्स कार्ल फोन कार्लोविट्झ यांच्यापुढे हाच पेच होता. खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड लागे, डोंगर बोडके होत होते. त्यांनी १७१३ साली वनशेतीवर ग्रंथ लिहून सांगितले की, जेवढे वाढते तेवढेच तोडा आणि तोडले की लावा. आज जगभर शाश्वत विकास म्हणून जो शब्द वापरतात, त्याची एक मुळी या ग्रंथात आहे.

पुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे. झाड कोणत्या वर्षी तोडावे? लवकर तोडले तर लाकूड कमी, उशिरा तोडले तर जागा अडून राहते. १८४९ साली मार्टिन फाउस्टमान नावाच्या जर्मन वनाधिकाऱ्याने याचे सूत्र मांडले. ते आम्ही अजून शिकवतो. सोप्या भाषेत असे की, उभ्या झाडाचाच विचार करू नका. ते तोडल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीत पुढची जी जी पिके येतील, त्यांचेही मोल धरा. ते धरले की तोडणीची वेळ अलीकडे येते. भाच्याने फाउस्टमानचे नाव ऐकलेले नाही. पण 'उभ्या झाडानं जागा अडते, पुढचं रोप बसत नाही,' हे तो स्वतःच म्हणाला.

आपल्या देशातही या विचाराला जुना इतिहास आहे. केरळात निलांबूरला कलेक्टर कोनोली आणि चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड केली. सागवानी लाकडाला पन्नास-साठ वर्षे थांबायचे, म्हणजे लावणाऱ्याने नातवासाठी लावायचे. १८६४ साली डिट्रिच ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि जंगलाचे मोजमाप, तोडणीचे वेळापत्रक, लागवडीची नोंद ही पद्धत सरकारी झाली.

कित्तिको-हच्चिको

आता आपल्या मुलखाची गोष्ट, कारण जास्तीत जास्त लाकूड, कमीत कमी वेळ या हिशेबाचा कडू अनुभव कर्नाटकाने घेतला आहे. सरळ वाढणारे, लवकर तोडणीला येणारे, जनावर तोंड लावत नाही असे झाड म्हणून नीलगिरी आली. खेळातल्या बर्चसारखीच. १९८३ साली तुमकुरात शेतकऱ्यांनी रोपवाटिकेतली नीलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी चिंचेच्या व आंब्याच्या बिया लावल्या. त्याच वर्षी शिरशीकडे सळकणी गावात लोकांनी झाडांना मिठ्या मारून अप्पिको चळवळ सुरू केली.

पुढे कर्नाटक पल्पवूड या कंपनीला कागद-धाग्याच्या लगद्यासाठी सुमारे तीस हजार हेक्टर जमीन द्यायचे ठरले. ही जमीन कागदोपत्री पडीक होती, पण गावाची गुरे, सरपण, पाला यांचा आधार तीच होती. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूरला 'कित्तिको-हच्चिको' सत्याग्रह झाला. कन्नड येणाऱ्या वाचकांना अर्थ सांगायला नको. मराठी घरातून आलेल्या सुनांसाठी सांगतो, 'उपटा आणि लावा'. नीलगिरी उपटायची आणि गावाला उपयोगी पडेल ते झाड लावायचे. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये थोर कादंबरीकार शिवराम कारंत होते. १९९१ साली कंपनी गुंडाळण्याचा निर्णय झाला. आणि २०१७ साली कर्नाटक सरकारने नीलगिरीच्या नव्या लागवडीवरच बंदी आणली.

कंपनीचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. तिने फक्त ओंडके मोजले. सावली, पाला, गुरांचे पोट, विहिरीचे पाणी हे रकाने वहीत नव्हतेच. माइनक्राफ्टच्या झाडालाही हे रकाने नसतात. तिथे झाड पाणी पीत नाही, शेजारच्या पिकाला सावलीने मारत नाही, पाखरांना घर देत नाही. तळचा ठोकळा तोडला तरी वरचा बुंधा हवेत तरंगत राहतो. ज्या जगात झाड पडतसुद्धा नाही, तिथे ते गेल्याचे दुःख कोणाला होणार?

बांधावरच्या चार चिंचा

भाच्याच्या घरी हा प्रश्न सध्या पडद्यावरून जेवणाच्या पाटावर आला आहे. माझ्या भाऊजींची औराद तालुक्यात वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. कसायला माणूस मिळत नाही, म्हणून त्यांनी रोपवाटिकेचे एक पत्रक आणले. हेब्बेवु लावा, सहा ते आठ वर्षांत प्लायवूडवाल्याला विका. हेब्बेवु म्हणजे मोठा निंब, मराठीत मलबार निंब म्हणतात तो. त्याच वेळी बांधावरच्या चार जुन्या चिंचा तोडून न्यायला एक व्यापारी तयार झाला. चिंचा गेल्या की सावली जाते आणि हेब्बेवुच्या दोन ओळी जास्त बसतात. हिशेब सरळ होता.

भाऊजींनी लेकालाच बोलावले. 'तू झाडांचा एवढा मोठा शेतकरी, सांग बघू.'

त्याने वही घेतली. हेब्बेवुच्या ओळी, अंतर, वर्षे, सगळे मांडले. चिंचांपाशी आल्यावर अडला. 'मामा, चिंचेचे ओंडके किती धरायचे?'

'ओंडके कशाला धरतोस?' आजी म्हणाल्या. त्यांचे मराठी औरादचे, रागावल्या की कन्नड. 'चिंच काय एकदाच देते? गिडा कडीबेड.'

आपल्याकडे मोठ्या झाडालाही 'गिडा'च म्हणतात. पुस्तकातला कन्नड शब्द 'मर'. मराठी कानाला तो शिवीसारखा लागतो आणि गौलीगुड्यात शेजारी त्यालाच 'चेट्टु' म्हणतात. एका झाडाला तीन नावे असलेल्या घरात वाढणे हे काही वाईट शिक्षण नाही.

आजींनी सांगितले म्हणून त्याने नवा रकाना केला. चांगल्या भरलेल्या झाडाला वर्षाकाठी दीडदोनशे किलो चिंच येते, कधी वर्षाआड कमी येते. त्यातून झोडणीची मजुरी वजा. शिवाय गडीमाणसांची दुपार, गुरांची सावली. यांना किंमत लावता येईना, म्हणून त्याने तिथे प्रश्नचिन्ह काढले. मला ते प्रश्नचिन्ह फार आवडले. आमच्या विषयातले मोठमोठे विद्वान त्या जागी आकडा घालतात.

मग तो म्हणाला, 'खेळात आपण शंभर-सव्वाशे ठोकळ्यांपेक्षा लांब गेलो की झाडं वाढायचीच थांबतात. आपण तिथं असावंच लागतं.'

'आमच्या तर आम्ही नसतानाच वाढल्या,' आजी म्हणाल्या. 'तुझ्या आजोबांनी कुंपण केलं दोन वर्षं. मग आम्ही पोटासाठी हैदराबादला आलो. ती वाढतच राहिली.'

यावर कोणी काही बोलले नाही. भाऊजींनी पत्रक घडी घालून डब्याखाली ठेवले.

अफजलगंजची चिंच

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला घेऊन अफजलगंजला गेलो. गौलीगुड्यातून चालत जाण्याचेच अंतर. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला महापूर आला, हजारो माणसे गेली, अर्धे शहर वाहून गेले. त्या दिवशी सुमारे दीडशे माणसे या चिंचेवर चढून वाचली. पुरानंतर निजामाने आपल्या विश्वेश्वरय्यांना बोलावले आणि त्यांच्या आराखड्यातून पुढे उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणे उभी राहिली. धरणांवर विश्वेश्वरय्यांचे नाव आहे. चिंच कोणी लावली, कोणालाच ठाऊक नाही.

ज्याने ती लावली असेल, त्याने पुरासाठी लावली नव्हती. कदाचित आमटीसाठी लावली असेल. फाउस्टमानच्या सूत्रात ती कितीतरी आधी तोडायला हवी होती. म्हणून सूत्र खोटे ठरत नाही. लाकडासाठी लावलेल्या झाडाला ते लागू आहे. फक्त कोणते झाड लाकडासाठी आणि कोणते नाही, हे सूत्र सांगत नाही, ते माणसाने ठरवायचे असते. हैदराबादहून चेवेळ्यामार्गे विजापूरला जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दुतर्फाचे वड आठवतील. सुमारे नऊशे आहेत. रस्ता रुंद करताना त्यांचे काय करायचे, हा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. तिथेही मूळ प्रश्न हाच होता, वडाच्या रकान्यात काय लिहायचे?

भाच्याने चिंचेच्या बुंध्याला हात लावला आणि वर पाहून म्हणाला, 'खेळात चिंच नाही. वड पण नाही, निंब पण नाही.' खरेच नाही. बांबू मात्र २०१९ पासून आहे आणि २०२३ पासून त्याच्या फळ्याही होतात. बांबू म्हणजे आपला 'बिदिरु', ज्यावरून बिदरचे नाव पडले असे सांगतात. आपल्या सरकारनेही २०१७ साली कायदा बदलून जंगलाबाहेरच्या बांबूला 'झाड' या व्याख्येतून वगळले, म्हणजे शेतकऱ्याला तो लावून तोडायला परवान्याची कटकट उरली नाही. औरादच्या जमिनीसाठी बांबूचाही विचार करावा, असे त्याने स्वतःहून वहीत लिहिले आहे.

आईवडिलांनी काय करावे?

माझी बहीण म्हणते, 'तू खेळाचं एवढं कौतुक करू नकोस, तो अभ्यासाला बसत नाही.' तिचे म्हणणे खरे आहे. वेळेला कुंपण हवेच. रोपाला जसे पहिली दोन वर्षे लागते, तसेच. शाळेच्या दिवशी किती आणि सुटीत किती, हे घराघराने ठरवावे आणि ठरल्यावर मोडू नये.

पण 'बंद कर' म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून तीन गोष्टी विचाराव्यात. किती लावलीस आणि किती परत आली? पुढच्या फेरीसाठी काय ठेवलेस? आणि या झाडाचा लाकडाशिवाय आणखी काय उपयोग? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मूल फटाफट देईल. तिसऱ्याला अडेल. तिथे घरातल्या आजीला बोलावावे. तिला संगणकातले काही कळत नाही, पण तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे तिच्याजवळ भरपूर असतात, आणि ती बहुतेक दोन भाषांत असतात.

भाऊजींचा निर्णय अजून पक्का नाही. तूर्त ठरले आहे ते एवढेच की, चिंचा यंदा उभ्या राहतील आणि हेब्बेवु दीड एकरावर लावून पाहायचा, तोही तुरीच्या ओळी मधे ठेवून. पहिल्या पावसानंतर खड्डे घ्यायचे आहेत. अंतर मोजायचे काम भाच्याकडे दिले आहे. येताना लॅपटॉप आणला तरी चालेल, असे आजींनी परवानगी दिली आहे. औरादला त्या दिवसांत वीज किती तास असते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.